दोनय हातान धर रे, बाबू

पहिल्यांदा येणारे आईबाप मला बहुधा एकच गोष्ट विचारतात: तो बसेल ना? मूल स्वमग्न असो, सेरेब्रल पाल्सीचं म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेलं असो, अतिचंचल असो, की हातपाय धडधाकट असूनही वर्गात चार ओळी लिहिताना रडकुंडीला येणारं असो, घरच्यांची काळजी बसण्याची असते. "हो झिल एका जाग्यार बसनाच नाय, बाय," असं आजी सांगत असते, तोवर झिल खोलीतून पडवीत आणि पडवीतून खळ्यात पोचलेला असतो. आजी ओशाळते. आई त्याला धरून आणायला उठते. मी तिला थांबवते. तो कुठे जातो, कशाला हात लावतो, कशापासून लांब राहतो हे बघायला मिळणं, हीच माझ्या दृष्टीने पहिल्या दिवसाची खरी तपासणी. कुणी थेट झोपाळा गाठतं. कुणी नळ शोधतं. कुणी भिंतीला अंग घासत घासत चालतं. एक मुलगी उन्हात वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांभोवती फिरत राहिली होती, पण हात पाठीमागे घट्ट बांधून. तिला ती सोलं हवीही होती आणि त्यांच्या ओल्या चिकटपणाची धास्तीही होती. कागदावरच्या कुठल्याही प्रश्नावलीतून मला हे इतक्या लवकर कळलं नसतं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे मुलांना रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून त्यांच्यासोबत काम करते. मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावात, चिऱ्याच्या जुन्या घरात माझ्याकडे मुलं येतात. त्यांना थेरपीत रमवायचं कसं, असं पालक विचारतात, शिक्षक विचारतात, नव्याने शिकून आलेल्या मुली विचारतात. विचारताना बहुतेकांनी एक गोष्ट धरूनच ठेवलेली असते, की काम ठरलेलं आहे, आता मुलाचं मन त्यात गुंतवायचं कसं तेवढं सांगा. मी उलट्या बाजूने सुरुवात करते. मन कुठे गुंतलंय ते आधी शोधायचं आणि काम तिथे नेऊन ठेवायचं. हे ऐकायला सोपं आहे. करताना रोज डोकं लावावं लागतं, आणि दर मुलागणिक ते नव्याने लावावं लागतं.

मनाच्याही आधी शरीर येतं. आमच्याकडे जुन्या घरात पडवीला झोपाळा असतोच. माझ्या घरातही होता, त्याच्या कड्या आणि साखळ्या बदलून घेतल्या आणि तो मुलांसाठी ठेवला. मुंबईत शिकताना थेरपीच्या खोल्यांमध्ये छताला टांगलेले झुले पाहिले होते. त्यांच्यामागचा विचार जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टचा. १९६० आणि ७० च्या दशकांत त्यांनी मांडलं, की डोळे-कान-त्वचा यांच्याइतकीच आणखी दोन संवेदनांची मुलाला गरज असते. एक तोलाची. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, शिवाय गुरुत्वाकर्षण आणि सरळ रेषेतली हालचाल ओळखणारे दोन छोटे अवयव असतात. डोकं कुठे वळलं, शरीर कुठे सरकलं हे मेंदूला तिथून कळतं. दुसरी संवेदना स्नायूंमधून आणि सांध्यांमधून येते. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळतं ते तिच्यामुळे. या दोन्हींची जुळणी नीट झाली नाही, तर मूल खुर्चीवर बसल्या बसल्या घसरतं, सारखं हलत राहतं किंवा टेबलावर डोकं टाकतं. वर्गात त्याला आळशी म्हणतात, नाहीतर वांड म्हणतात. बिचारं आपलं अंग सावरण्यातच दमलेलं असतं.

झोपाळ्यावर मी वेगवेगळ्या मुलांना वेगवेगळं बसवते. फार भडकलेलं, घाबरलेलं मूल असेल तर हळूहळू, एका लयीत, पुढे-मागे. त्याने बहुतेक मुलं शांत होतात. ज्याला झापड येते, जो कशातच नसतो, त्याला मधूनच थांबवत, दिशा बदलत, पोटावर झोपवून हाताने जमीन ढकलायला लावत. गरगर फिरवणं मी जपून करते, कारण त्याचा परिणाम जोरदार असतो आणि उशिरानेही दिसतो. चेहरा पांढरा पडला, घाम आला, मूल वारंवार जांभया देऊ लागलं, की झोपाळा तिथेच थांबवायचा. फिट येण्याचा त्रास असलेल्या मुलाच्या बाबतीत आधी डॉक्टरांशी बोलायचं. या गोष्टी पालकांना मी पहिल्याच भेटीत सांगते, कारण घरी झोपाळा आहे म्हटल्यावर काका-मामा हौसेने जोरात झोके देतात.

झोपाळ्याने मूल बरं होतं, असं मात्र मी कुणाला सांगत नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने या संवेदनांवर आधारलेल्या थेरपीबद्दल स्पष्ट म्हटलं होतं, की तिच्या परिणामकारकतेचा पुरावा मर्यादित आहे आणि हे पालकांना सांगितलं पाहिजे. मला ते पटतं. झोपाळा ही तयारी. पाच-दहा मिनिटं झोके घेऊन मूल खाली उतरलं, की त्याला पुढचं काम जमतंय का, हे बघायचं. जमत नसेल तर झोके कितीही आवडते असले तरी दुसरं काही शोधायचं. इंटरनेटवर वजनदार जॅकेट आणि महागडी चकचकीत सामग्री बघून कर्ज काढायला निघालेले बाप मी पाहिले आहेत. त्यांना मी हात जोडून सांगते, थांबा. आधी खुर्चीकडे बघू.

खुर्चीबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. आपल्या घरांमध्ये मूल अभ्यासाला बसतं ते प्लास्टिकच्या मोठ्या खुर्चीत, आणि समोर जेवणाचं टेबल. पाय अधांतरी लोंबतात, कोपर टेबलाच्या कडेला लागून वर उचललं जातं. पाय टेकलेले नसले की धड स्थिर राहत नाही, धड स्थिर नसलं की खांदा ताठतो, आणि खांदा ताठला की बोटं मोकळी चालत नाहीत. मग पेन्सिल मुठीत आवळली जाते, कागद फाटतो, आणि आई म्हणते, ह्याचं लक्ष नाही. मी जेवायला बसायचा लाकडी पाट मागवते आणि पायाखाली देते. लहान पाय असतील तर दोन पाट. पाठीमागे घट्ट घडी घातलेली गोधडी. गुडघे आणि कंबर साधारण काटकोनात, टेबल कोपराच्या उंचीला. एवढ्यानेच कितीतरी मुलांचं चुळबुळणं निम्म्याने कमी झालेलं मी बघितलंय. खर्च शून्य. तरी पालकांना हे उपचारासारखं वाटत नाही. पुढच्या वेळी येताना पाट विसरलेला असतो, मी पुन्हा आठवण करते.

शरीर तयार झालं, आता कामाकडे.

माझ्या क्षेत्राचा पायाच मुळी कामावर आहे. माणूस आपल्याला अर्थ वाटणाऱ्या कामात गुंतला की त्याची तब्येत सुधारते, या विचारातून १९१७ साली अमेरिकेत या थेरपीची पहिली संघटना उभी राहिली. आपल्याकडे ती आणली कमला निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन, लग्नानंतर भारतात आलेल्या आणि इथल्याच झालेल्या या बाईंनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं भारतातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. १९५२ मध्ये देशातल्या थेरपिस्टांची संघटना झाली, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला त्यात भारत संस्थापक देशांपैकी एक होता. मला या इतिहासाचा अभिमान आहे. एवढी जुनी परंपरा पाठीशी असताना आपण मुलांना मणी ओवायला लावतो, खुंट्या भोकांत घालायला लावतो, आणि मूल कंटाळलं की त्याच्या लक्षाला दोष देतो, याचं मला वाईट वाटतं. मणी वाईट नाहीत. पण त्या मण्यांचं पुढे काय होणार, हे मुलाला ठाऊक असतं. थेरपी संपली की ते काढून पुन्हा डब्यात जाणार.

सात वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे येत होता. जन्मतःच उजवी बाजू अशक्त, हेमिप्लेजिया. उजवा हात छातीशी दुमडलेला, अंगठा मुठीच्या आत. डाव्या हाताने तो सगळं इतक्या चलाखीने करायचा, की उजव्याची त्याला गरजच उरली नव्हती. अशा मुलांच्या बाबतीत हे नेहमी होतं. अडलेला हात वापरण्याची खटपट करण्यापेक्षा तो बाजूला ठेवणं सोयीचं पडतं, आणि न वापरल्याने तो आणखी मागे पडतो. दोन्ही हात लागतील अशी खेळणी मी समोर ठेवायची. तो सौजन्याने दोन मिनिटं करायचा आणि मग खिडकीकडे बघायचा. खिडकीतून समुद्र दिसत नाही, पण गाज ऐकू येते.

त्याला एकदा विचारलं, तुला काय करता यायला हवंय? क्षणाचाही विचार न करता तो म्हणाला, "माका रापण ओढूची आसा." त्याचा काका रापणकर. वाडीतली सगळी पोरं दोराला लागतात, आणि हा वाळूत बसून चपला सांभाळतो.

रापण ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांकडे ठेवून होडी निघते, पाण्यात अर्धवर्तुळात जाळं सोडत जाते आणि दुसरं टोक घेऊन काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसं लागतात. पाय वाळूत रोवून, अंग मागे टाकून, एका ठेक्यात ओढत राहतात, आणि ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ सरकतात. जाळं वर आलं की मासळीचे वाटे पडतात. ऑक्युपेशनल थेरपीच्या भाषेत बोलायचं तर यात काय नाही? दोन्ही हातांची पकड, हाताखाली हात सरकवणं, कमरेचा आणि पायांचा तोल, स्नायू-सांध्यांना भरपूर जोर, इतरांच्या लयीत आपली लय मिळवणं. आणि शेवटी खरोखरची मासळी.

मग खोलीतलं आमचं काम बदललं. पडवीच्या खांबाला दोर बांधला. आधी जाड, त्यावर जुन्या लुगड्याचा कपडा गुंडाळलेला, कारण आवळलेल्या मुठीला जाड वस्तू धरणं सोपं जातं. दुसऱ्या टोकाला पोत्यात थोडी वाळू. दोर ओढला की पोतं शेणाने सारवलेल्या खळ्यातून सरकायचं. अंगठा मुठीतून बाहेर काढायला आधी मनगट सैल करायचं, हात हलक्या हाताने ताणायचा, हे सगळं तो आता स्वतःहून करून घ्यायचा. पूर्वी याच ताणण्याला तो ओरडायचा. पोत्यात वाळू वाढत गेली, कपडा निघाला, दोर बारीक झाला. उजव्या बाजूला स्पर्शाची जाणीव कमी असते, दोराने साल निघालं तरी त्याला कळलं नसतं, म्हणून दर वेळी तळवा उघडून बघायचा हा नियम. तो बघायचं काम त्याचंच होतं. त्याला ते फार महत्त्वाचं वाटायचं.

एका पहाटे काकाने त्याला दोराला लावलं. रांगेत शेवटी, स्वतःच्या मागे. मी मुद्दाम गेले होते. दोर ओला, जड, खोलीतल्या दोरासारखा आज्ञाधारक नाही. उजवा हात दोनदा सुटला. काका मागे न बघताच ओरडला, "दोनय हातान धर रे, बाबू!" हेच वाक्य मी कितीतरी वेळा किती प्रेमाने म्हटलं होतं. पण काकाचं म्हणणं आणि दोराचं म्हणणं एकच होतं, आणि दोराला एका हाताने धरणं जमतच नाही. बाबूने उजवा हात पुन्हा आणून दोरावर ठेवला, डाव्याने दाबून बसवला आणि मागे झुकला. वाटे पडले तेव्हा त्याच्या पुढ्यात मूठभर तारल्या आल्या. घरी नेऊन आजीला दिल्या, आणि त्या कुणी कुणी किती खाल्ल्या याचा हिशेब त्याने पुढच्या भेटीत मला दिला.

त्याचा हात यामुळे पूर्ववत झाला, असं झालेलं नाही. हेमिप्लेजिया जात नाही. पण डब्याचं झाकण उघडताना उजवा हात आता डबा धरतो, लिहिताना वही दाबून ठेवतो, शर्टाचं टोक धरून ठेवतो. मदतनीस हात म्हणून तो कामाला लागला. २०१३ साली इओना नोवाक या ऑस्ट्रेलियन संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीवरच्या उपचारांच्या पुराव्याचा मोठा आढावा घेतला. मुलाने आणि कुटुंबाने ठरवलेल्या प्रत्यक्ष कामाचा सराव, दोन्ही हातांचा सराव, घरी करायचा नेमका कार्यक्रम यांच्या बाजूने त्यांना चांगला पुरावा मिळाला. थेरपिस्टने मुलाचं अंग हाताळून हालचाल 'सुधारवण्या'च्या काही जुन्या, लोकप्रिय पद्धतींच्या बाजूने मिळाला नाही. हे वाचताना मला तो पहाटेचा किनारा आठवला.

आपल्याला काय हवंय हे प्रत्येक मूल असं सांगू शकत नाही. बोलत नसलेल्या मुलाच्या बाबतीत त्याच्या पायांवर आणि डोळ्यांवर विश्वास ठेवावा लागतो. सोलांभोवती फिरणारी ती मुलगी बोलत नव्हती. तिच्या ओल्या वस्तूंच्या भीतीवर काम करताना मी पीठ, रंग, फेस काहीही पुढे केलं की ती किंचाळायची. तिच्या घराजवळ गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, आहे. श्रावणात तिथे शाडूच्या मातीचं काम जोरात सुरू असतं, आणि तिला तिथे जायला आवडायचं, उंबऱ्यावर उभं राहून बघायला. म्हणून आम्ही थेरपी उंबऱ्यावरच सुरू केली. आधी फक्त कोरडा ब्रश. तयार मूर्तीवरची धूळ झटकायची. मग काठीने मातीवर रेघा. मग प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला मातीचा गोळा, बाहेरून दाबायचा. मग ओल्या फडक्यावर हात ठेवायचा, आणि लगेच पुसायला कोरडं फडकं तिच्याच मांडीवर. पुसायचं फडकं तिच्या ताब्यात असणं सगळ्यात महत्त्वाचं ठरलं. मूर्तिकारांना मी एकच विनंती केली होती, कुणीही तिचा हात धरून मातीत घालू नका. हात धरून घालणं हा लहान मुलांना शिकवण्याचा आपल्याकडचा सर्रास मार्ग आहे, आणि स्पर्शाने घाबरणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो एका क्षणात कित्येक आठवड्यांचा भरवसा घालवतो. हात दाखवायचाच असेल तर आपला हात खाली ठेवावा, तिचा वर. हवा तेव्हा तिला तो काढून घेता यावा. चतुर्थीच्या आधी तिने उंदराच्या पाठीवर एक बोट टेकवलं. ठसा उमटला. मूर्तिकाराने तो तसाच ठेवला आणि वर रंग दिला.

अवघडपणाची पातळी नेमकी साधणं हे या सगळ्यातलं सगळ्यात कसबी काम. फार सोपं असलं की मूल निघून जातं, फार कठीण असलं की रडतं किंवा विदूषकी करायला लागतं. कालपर्यंत जमत होतं त्याच्या केसभर पुढे, एवढंच हवं. शिरवाळ्यांचा, म्हणजे तांदळाच्या शेवयांचा, साचा मला यासाठी फार आवडतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या एका मुलीचे स्नायू जन्मतःच सैल, हातात जोर कमी. तिच्या आजीच्या घरी लाकडी साचा आहे. आजीने गरम उंडा साच्यात घालायचा, नातीने दांडा दाबायचा, आईने खाली शेवया झेलून गोल घालायच्या. पहिल्यांदा आजी दांड्याला बरोबरीने हात लावायची, मग फक्त सुरुवातीला, मग फक्त शेवटच्या जडशा दाबाला. उंडा किती मऊ ठेवायचा यावर जोर ठरतो, आणि ते आजीच्या हाताला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. गरम उंड्याला मुलीने हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशी ठरलं. गूळ घातलेल्या नारळाच्या रसात ते शिरवाळे सगळ्यांनी खाल्ले की पुढच्या खेपेला बोलवावं लागत नाही, ती स्वतः साचा मागते.

कपडे घालण्याच्या बाबतीत मी उलट्या क्रमाने शिकवते. शाळेच्या शर्टाचं बटण लावायचं असेल तर सगळं मी करते आणि शेवटचं ओढणं तेवढं मुलाला देते. अर्धं बाहेर आलेलं बटण त्याने खेचलं की झालं, लागलं. मग एक पायरी मागे. म्हणजे प्रत्येक वेळी काम संपतं ते त्याच्या हातून. पहिल्यापासून सुरू केलं तर मूल दमतं आणि शेवट आई करते. रोज सकाळी एसटी किंवा रिक्षा दारात उभी असताना हे सुचत नाही हे मला कळतं. म्हणून मी म्हणते, सकाळी नको, शाळेतून आल्यावर कपडे बदलताना करा.

पुढे काय होणार हे न कळल्यामुळेही मुलं बिथरतात, विशेषतः स्वमग्न मुलं. माझ्या भिंतीवर चित्रांची पट्टी असते: झोपाळा, दोर, साचा, घर. झालं की चित्र काढून खाली टोपलीत. किती उरलं हे दिसलं पाहिजे. दहा चिंचोके उचलायचे असतील तर वाटीत दहाच असावेत. पिशवीभर चिंचोक्यांतून 'आता पुरे' म्हणेपर्यंत उचलायचे, हे मोठ्यांनाही नको वाटेल. आणि 'शेवटचा' म्हटलं की तो शेवटचाच. मूल छान रमलंय म्हणून आणखी पाच वाढवले, तर त्याने आपल्या शब्दावर पुन्हा का विश्वास ठेवावा? आधी हे, मग ते, असा क्रम लावून नावडत्या कामामागे आवडतं काम ठेवलं की नावडतं काम जास्त होतं, हे डेव्हिड प्रेमॅक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये दाखवलं. आपल्या आज्या ते त्याच्या आधीपासून करत आल्या आहेत.

मोबाइलचं बक्षीस मी देत नाही. चॉकलेटही नाही. पूर्ण विरोध आहे असं नाही. पहिल्या एक-दोन भेटींत रडं थांबत नसेल तर आईने काय दिलं याकडे मी बघत नाही. पण मोबाइल समोर दिसला की मुलाच्या डोळ्यांपुढचं काम संपतं आणि ते फक्त मोबाइलपर्यंत पोचायचा अडथळा होऊन बसतं. आणि मोबाइलवर बोट फिरवायला लागणारा जोर जवळजवळ काहीच नसतो, हेही आहेच.

कधी कधी मूल काहीही केलं तरी गुंतत नाही, आणि कारण साधं असतं. देवगडहून, आचऱ्याहून एसटीने येणारी मुलं असतात. घाटवळणांनी पोटात ढवळलेलं असतं, खाणं झालेलं नसतं. अशांची सुरुवात पेज किंवा घावण्याने होते. पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की आवाजाला हळवी मुलं कान झाकून कोपऱ्यात जातात. त्यांना मी पत्र्याच्या पडवीतून माजघरात नेते, तिथे वर कौलं आणि माळा आहे, आवाज बोथट होतो. तास वाया गेला असं वाटत असताना तेवढी जागा बदलली की मूल पुन्हा हाती येतं. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. एरवी न दिसणारे बाप त्या दिवसांत मुलांना घेऊन येतात, आणि जाळी दुरुस्त करण्याचं काम सोबत आणा असं मी त्यांना सांगते. सुईतलं सूत संपलं की भरून देणं, गाठ पडेपर्यंत जाळं ताणून धरणं, फाटकं भोक शोधणं ही मुलांची कामं. बाप-लेक शेजारी बसून तास-तास काढतात. त्या दोन महिन्यांत बोटांची जी प्रगती होते ती मला वर्षभर पुरते.

हे सगळं खाजगी केंद्रातच मिळावं असं नाही, आणि तसं असूही नये. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, अंगणवाडीत आणि शाळेत पथकं येतात, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून २१ केले. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आल्या. गावोगावच्या आशाताई आणि अंगणवाडीताई ही माहिती घरोघर पोचवतात. माझी कळकळ एवढीच आहे, की तिथे पोचलेल्या आईच्या हातात दहा व्यायामांचा छापील कागद पडू नये. घरचं काम एकच असावं, तिच्या दिवसात आधीपासून असलेलं. तांदूळ निवडायचे असतात, अबोलीचा वळेसर म्हणजे गजरा करायचा असतो, नारळ सोलून झाल्यावर सोडणं, म्हणजे त्याची सालं, गोळा करायची असतात. त्यातलं एक निवडावं आणि मुलासाठी ते कसं सोपं किंवा अवघड करायचं तेवढं तिला दाखवावं. आजीला दाखवलं तर फारच बरं. "तेच्या हातांका काम व्हया, बाय," असं मला एका आजीने सांगितलं होतं, आणि कुठे काय कमी-जास्त करायचं हे ती माझ्याआधी बोलून गेली होती.

शाळा सुरू होताना मी प्रत्येक मुलाच्या शिक्षकांना पत्र लिहिते. पायाखाली पाट किंवा विटा, फळ्याजवळची जागा, दोन तासांच्या मधे उठून करायचं काहीतरी जड काम. वह्यांचा गठ्ठा दुसऱ्या वर्गात नेणं, बाकं सरकवणं, व्हरांड्यातली झाडं. अशा कामाने स्नायूंना जोर मिळतो आणि पुढचा तास बसणं सोपं जातं. शिवाय 'सारखा उठतो' म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलाला उठायचं कारण मिळतं. रापण ओढणाऱ्या बाबूसाठी यंदा मी लिहिलं, की झाडांना पाणी घालायचं काम त्याला द्या, बादली दोन्ही हातांनी धरू द्या, आणि दुसऱ्या मुलाने मदतीला येऊ नये याकडे लक्ष ठेवा. पत्र मिळाल्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या त्याच्या बाईंनी फोन केला. बादली केवढी हवी, असं त्यांनी विचारलं. पाच लिटरची, मी म्हटलं, आणि सुरुवातीला अर्धीच भरा. दिवाळीनंतर पूर्ण भरून बघू.